मलिक अंबर ज्या देशातून आला, तो इथिओपिया आहे तरी कसा? नाईलच्या पाण्याचं भांडण आपल्या मुळा-जायकवाडीसारखंच

राहुरी (प्रतिनिधी) : आपल्या नगर जिल्ह्यात मलिक अंबरचं नाव ऐकलं नाही असा माणूस कमीच. जमीन मोजून, प्रतवारी लावून सारा बसवणारा निजामशाहीचा हा कर्ता माणूस. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं तेही त्यानंच. तो हबशी होता हे शाळेत शिकलो, पण हबशी म्हणजे कुठला, हे फारसं कुणी सांगत नाही. हबशी म्हणजे हबश देशाचा, आणि हबश म्हणजे आजचा इथिओपिया. नाईल नदीवरच्या मोठ्या धरणामुळं हा देश सध्या बातम्यांत असतो. वरचे आणि खालचे यांच्यातलं ते भांडण राहुरीकरांना लगेच कळेल असं आहे. म्हणून या देशाची थोडक्यात माहिती.

गुलाम म्हणून आला, कारभारी झाला

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ चा. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं. अरबस्तान, बगदाद असं हातोहात विकत तो दख्खनला पोहोचला. इथं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं, आणि हा पेशवासुद्धा हबशीच होता. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. तरी अंबरनं निजामशाही पडू दिली नाही. पुढं २६ वर्षं, मरेपर्यंत, तो मोगलांशी लढत राहिला. १६२४ ची भातोडीची लढाई तर आपल्या नगर तालुक्यातली. त्यात शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच कामी आले. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

कळसूबाईपेक्षा उंच राजधानी

इथिओपिया आफ्रिकेच्या पूर्व भागात आहे. लोकसंख्या १२ कोटींच्या वर. आफ्रिकेत नायजेरियानंतर याचाच नंबर लागतो. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या साडेतीन पट. एवढा मोठा देश, पण समुद्रकिनारा नाही. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि किनारा तिकडं गेला. आता बहुतेक माल शेजारच्या जिबूती बंदरातून येतो-जातो.

देशाचा मधला भाग म्हणजे उंच डोंगरपठार. राजधानी अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर आहे. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हे अख्खं शहर कळसूबाईच्या वर वसलंय. मुख्य पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर. बहुतेक लोक शेतीवर जगतात, आणि बैलजोडीनं लाकडी नांगर ओढणारा शेतकरी तिथं आजही दिसतो. पिकं म्हणाल तर मका, ज्वारी, गहू, हरभरा आणि टेफ नावाचं बारीक धान्य. कॉफी मूळ तिथलीच. आपल्या अकोल्याच्या डोंगरात होणारं कारळं मूळचं तिथलं, आणि ज्वारीसुद्धा ईशान्य आफ्रिकेतूनच जगभर गेली.

जमीन सरकारची, कसणं शेतकऱ्याचं

इथिओपियात १९७४ पर्यंत बादशाही होती. हैले सेलासी हे शेवटचे बादशहा. त्यांना हटवून लष्करी राजवट आली. तिनं १९७५ मध्ये सगळी शेतजमीन जमीनदारांकडून काढून सरकारची केली. १९८३ ते ८५ च्या दरम्यान भीषण दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसं गेली. १९९१ मध्ये लष्करी राजवटही गेली आणि १९९५ ला आजची राज्यघटना आली.

आता तिथं आपल्यासारखीच संसद आणि पंतप्रधान आहे. राज्यं मात्र भाषा आणि जमातीच्या आधारावर पाडलेली. ८० पेक्षा जास्त भाषा बोलल्या जातात. ओरोमो आणि अम्हारा हे सगळ्यात मोठे समाज. आपल्या तालुक्यासारखा तिथं 'वरेडा' असतो आणि त्याच्या खाली 'केबेले'. जमीन मात्र घटनेनुसार आजही सरकारची आणि जनतेची. शेतकऱ्याला कसायचा हक्क आहे, मुलांना तो हक्क देता येतो, पण जमीन विकता येत नाही.

पंतप्रधान अबी अहमद २०१८ पासून आहेत. इरिट्रियाशी समेट केला म्हणून २०१९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण पुढच्याच वर्षी देशातल्या तिग्राय भागात युद्ध पेटलं. दोन वर्षं चाललं, फार माणसं मेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये करार झाला तेव्हा थांबलं.

पिठलं तिथंही, बाराखडी तिथंही

१८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इथिओपियानं इटलीच्या फौजेला हरवलं. पुढं १९३६ ते ४१ ही पाच वर्षं इटलीनं ताबा ठेवला, एवढं सोडलं तर हा देश कुणाची वसाहत झाला नाही. लालिबेला गावात अखंड खडक वरून खाली कोरत नेऊन ११ चर्च केलेली आहेत. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याचीच पद्धत. ख्रिस्ती धर्म तिथं चौथ्या शतकापासून आहे. मुसलमान लोकसंख्याही साधारण एक तृतीयांश आहे.

रोजचं जेवण म्हणजे इंजेरा. टेफचं पीठ आंबवून केलेली मोठी आंबोळीच म्हणा. त्यावर कालवण वाढतात आणि सगळे एका ताटात जेवतात. हरभऱ्याच्या पिठाचं 'शिरो' असतं, ते आपल्या पिठल्याचा भाऊ शोभेल. जुन्या चर्चला मानणारे लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी बंद. लिपीसुद्धा आपल्या बाराखडीसारखी, एकेका अक्षराला स्वराप्रमाणं वेगळं रूप. वर्षाला १३ महिने, आणि नवं वर्ष पावसाळा संपताना, ११ सप्टेंबरच्या सुमारास. वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.

शंभर मुळा धरणं एका ठिकाणी

आता पाण्याचं. इजिप्तला नाईल नदीतून जे पाणी मिळतं, त्यातलं सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरातून येतं. तरी पाण्याच्या वाटणीचे १९२९ आणि १९५९ चे जुने करार झाले त्यात इथिओपियाला विचारलंच नव्हतं. इथिओपियानं २०११ मध्ये निळ्या नाईलवर धरण बांधायला घेतलं. पैसा बराचसा देशातल्याच लोकांकडून, कर्जरोखे विकून उभा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. साठा ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे २६०० टीएमसी. आपलं मुळा धरण २६ टीएमसीचं. म्हणजे शंभर मुळा धरणं एकत्र!

इथिओपिया म्हणतो, पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, आमच्या घरात दिवा नको का? इजिप्त म्हणतो, आमच्याकडं पाऊसच नाही, नाईल आटली तर आम्ही संपलो. सुदान मधे अडकलेला. दोघांचंही खोटं नाही.

एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. ते धरण विजेसाठी आहे. पाणी टर्बाइनमधून खाली जातं आणि पुढं वाहतं. आपल्याकडं मुळाचं पाणी कालव्यानं शेतात जातं, ते परत नदीला फारसं येत नाही. म्हणून धरण भरून झाल्यावर चांगल्या पावसाच्या वर्षी तिथं अडचण कमी. खरा प्रश्न आहे तो लागोपाठ दुष्काळ पडला तर वरच्यानं किती पाणी सोडायचं, याचा. त्यावर तिन्ही देशांचा बांधील करार आजपर्यंत झालेला नाही.

आपल्याकडं निदान २००५ चा कायदा आहे. जलसंपत्ती प्राधिकरण आहे, कोर्ट आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आलं. त्यावर नगर-नाशिककरांचा राग आहे आणि मराठवाड्याचीही तक्रार आहे. पण भांडायला समोर आकडा आहे, आणि तो चुकीचा वाटला तर दाद मागायला जागा आहे. नाईलच्या काठावर अजून तेवढंही नाही. पाण्याच्या बाबतीत आपण राहुरीकर इथिओपियाच्या जागी आहोत, आणि पैठणच्या खालचा शेतकरी इजिप्तच्या. नाईलची बातमी पुढं कधी मोबाईलवर आली, तर दोन्ही काठांचं म्हणणं वाचा.