डब्यावरचे नाव आणि आतला कागद

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीभोवती गाव वाढले, आणि गावाबरोबर ट्रकचा धंदा वाढला. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज कारखान्यात मुख्यतः रेल्वेने येते. पण कोळसा, राख, स्लॅग, तयार पोलाद, सळया, पत्रे यांचा फार मोठा भार ट्रक-ट्रेलरच उचलतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ने दुर्ग, राजनांदगाव करत बाघनदी ओलांडली की गोंदिया जिल्हा लागतो, पुढे भंडारा आणि नागपूर. या वाटेवर दोन-तीन गाड्या बाळगणारे मालक पुष्कळ आहेत. गाडीचा हप्ता, डिझेल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार भागवून जे उरते त्यावर त्यांचे घर चालते.

अशा मालकापुढे सर्व्हिसिंगच्या वेळी सुट्या भागांच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: फिल्टर कंपनीचा हवा की बाजारातला? दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो. गाडीला तेलाचा, डिझेलचा आणि हवेचा असे किमान तीन फिल्टर लागतात, त्यामुळे हा फरक तिपटीने जाणवतो. वरवर पाहता तिन्ही म्हणजे घड्या घातलेला कागद. त्यामुळे पैसे इथेच वाचवावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तिन्ही ठिकाणी चुकीची किंमत सारखी नसते.

आधी हे लक्षात घ्यायला हवे की ट्रक बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. ते काम फिल्टरच्याच धंद्यातल्या कारखान्यांचे. पुण्याची फ्लीटगार्ड, जर्मन मूळ असलेल्या मान-हुमेल आणि माहले, फरीदाबादची एलोफिक ही त्यातली ठळक नावे. असा कारखाना एकीकडे वाहन कंपनीला माल देतो आणि दुसरीकडे स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो. वाहन कंपनीच्या डब्याची किंमत चढते त्यात तिची तपासणी, साठवण, वितरण आणि नफा हे सगळे आलेले असते. म्हणून ‘कंपनीचा’ आणि ‘बाजारातला’ अशी दोनच खाती मांडणे फसवे आहे. वाहन कंपनीचा डबा, मूळ पुरवठादाराचा स्वतःचा डबा, स्वतंत्र पण नावाजलेल्या उत्पादकाचा माल, पत्ता नसलेला स्वस्त माल आणि थेट नकली, असे हे पाच थर आहेत. पहिल्या दोन थरांत किमतीचा फरक असतो, गुणवत्तेचा बहुधा नसतो. जुन्या गाडीच्या मालकाने पुरवठादाराच्या नावाचा फिल्टर नेमका नंबर जुळवून घेतला, तर तो शहाणपणाचा व्यवहार आहे. धोका खालच्या दोन थरांत आहे.

डिझेलच्या फिल्टरचे गणित मात्र वेगळे मांडायला हवे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. या गाड्यांच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने इंजेक्टरपर्यंत पोचते. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण ८ बार असतो, यावरून अंदाज यावा. इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट अवघी दोन-चार मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या दाबाखाली डोळ्यांना न दिसणारा कणही पोलाद झिजवतो, आणि पाण्याचा थेंब गेला तर गंज चढतो. नाशिककर ज्याला अजून मायको म्हणतात त्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. तिथे जी सूक्ष्म मापे जपली जातात, ती रस्त्यावर टिकवण्याचे काम डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा सेपरेटर यांच्यावर असते. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहा इंजेक्टर असतात आणि एकेकाची किंमत कित्येक फिल्टरांइतकी असते. म्हणून बीएस-६ गाडीत डिझेल फिल्टरवर काटकसर करूच नये. सेपरेटरमधले पाणी रोज काढावे, पावसाळ्यात तर विशेष. ड्रमातले डिझेल भरत असाल तर या सवयीला पर्याय नाही.

तेलाच्या फिल्टरमध्ये कागदाइतकेच महत्त्व दिसत नसलेल्या गोष्टींना आहे. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह असतो. तो ठरलेल्या दाबालाच उघडायला हवा. लवकर उघडला तर मळके तेल न गाळता फिरत राहते. उघडलाच नाही तर बेअरिंग जातात. इंजिन बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून काही फिल्टरांत रबराची झडप असते. हलके रबर थोड्या दिवसांत कडक होते. आटे आणि व्यास जुळले म्हणून बसवलेला फिल्टर या बाबतीत जुळेलच असे नाही.

गाळण्याचा फरक किती पडतो? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये डिझेल इंजिनावर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावल्यास झीज निम्म्याने, तर १५ मायक्रॉनचा लावल्यास सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले. मात्र डब्यावर नुसते ‘१० मायक्रॉन’ छापलेले असेल तर भुलू नये. त्या आकाराचे निम्मे कण अडवणाराही तसे छापतो आणि ९८.७ टक्के अडवणाराही. नामांकित उत्पादक तेलाच्या फिल्टरसाठी आयएसओ ४५४८-१२, डिझेलसाठी आयएसओ १९४३८ आणि हवेसाठी आयएसओ ५०११ या चाचण्यांचे आकडे देतात. दुकानदाराकडे माहितीपत्रक मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो वापरला पाहिजे.

हवेच्या फिल्टरपाशी भिलाईची धूळ येते. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन दहा हजार लिटरहून जास्त हवा ओढते. खाणींच्या आणि साठवण यार्डांच्या रस्त्यांवर ती हवा धुळीने भरलेली असते. वाळूतला सिलिका सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतो, रिंगा झिजतात, गाडी तेल खाऊ लागते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. इथे बाजारातला चांगला फिल्टर चालतो, पण रबराची कड घरात चपखल बसली पाहिजे. बाजूने एक बारीक फट राहिली तरी उत्तम कागदाचा उपयोग नाही. त्याहून मोठे नुकसान सवयीने होते: फिल्टर टायरवर आपटून झाडणे, किंवा कॉम्प्रेसरची हवा जवळून मारणे. कागदाला पडलेली भोके दिसत नाहीत, धूळ मात्र त्यांतून जाते. इंडिकेटर लाल झाला की फिल्टर बदलावा, आणि आतला सेफ्टी फिल्टर झाडून पुन्हा कधीही लावू नये.

‘बाहेरचा फिल्टर लावलात तर वॉरंटी गेली’ हे वाक्य ट्रकमालकांना वारंवार ऐकावे लागते. या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश वाचण्यासारखा आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून आयोगाने टाटा मोटर्स आणि महिंद्रासह १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने बजावले. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि प्रकरण मोटारींचे होते, ट्रकचे नव्हे. तरी त्यातले तत्त्व न्याय्य आहे. व्यवहारात मात्र वॉरंटीच्या काळात वाद अंगावर घेण्याएवढी सवड एकट्या मालकाला नसते. तोवर कंपनीचाच फिल्टर लावावा आणि बिले जपावीत, हे बरे.

राहिला नकली माल. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार खोटे चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. तरी धंदा चालतो, कारण त्याला लागणारे खोके ग्राहकच फेकतो. म्हणून खरेदी करताना पार्ट नंबर, बॅच आणि क्यूआर कोड तपासा, जीएसटीचे पक्के बिल घ्या. आणि नवा फिल्टर बसला की त्याचा डबा फाडून टाका, जुन्या फिल्टरला भोक पाडूनच तो भंगारात द्या.