उसाची पक्वता सांगणाऱ्या दोन रेघा



राजूर परिसरातले शेतकरी चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला जमले, की गळिताच्या दिवसांत बोलणे तोडीवर येतेच. ‘तोड कधी येणार?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण ऊस पिकला की नाही, हेही तितक्याच अगत्याने विचारले पाहिजे. कारण उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. एकाचा कच्चा ऊस गव्हाणीत पडला, की सगळ्यांचा सरासरी उतारा खाली येतो.

आकड्यांच्या नुसत्या रांगा डोक्यात राहत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ त्यांचा आलेख काढतात. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली व्यापाराचे आकडे असेच रेघांनी मांडून दाखवले. आपल्यालाही ते जमण्यासारखे आहे.

चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर तारखा आणि उभ्या रेषेवर ब्रिक्सचे आकडे लिहावेत. दर पंधरवड्याला शेतातल्या निरनिराळ्या जागचे ऊस घेऊन बुडख्याचा आणि शेंड्याचा रस ब्रिक्समापकावर पाहावा. दोन्हींच्या सरासरीचे ठिपके वेगळ्या रंगांत जोडावेत.

बुडखा आधी पिकतो, शेंडा मागाहून. समजा, सुरुवातीला बुडखा १८ आणि शेंडा १२ दाखवतो. थंडी पडली की शेंड्याची रेघ झपाट्याने चढते. दोन्ही रेघा एकमेकींना भिडल्या, की ऊस तोडीला आला म्हणून समजावे. पुढे बुडख्याची रेघ शेंड्याच्याही खाली उतरली, तर ऊस जास्त पिकला आणि आतली साखर मोडू लागली. नुसत्या आकड्यांत हे वळण चटकन ध्यानात येत नाही.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे. ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे, रसात विरघळलेले सगळेच घटक त्यात येतात. आणि पाणी दिल्यावर लगेच मोजले तर आकडा कमी भरतो. दुसरे म्हणजे, उभी रेषा शून्याऐवजी १८ पासून सुरू केली, तर अर्ध्या अंशाचा फरकही डोंगराएवढा दिसतो. म्हणून कोणाचाही आलेख पाहताना आधी कडेचे आकडे वाचावेत, मग रेघ.

हीच रीत विहिरीलाही लावावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजून तिचा चढउतार पाहते. २०१२-१३ चा दुष्काळ आपला जालना जिल्हा विसरलेला नाही. दरमहा पातळी टिपून रेघ काढली, तर उन्हाळ्यात पाणी किती उसाला पुरेल, याचा अंदाज लागणीआधीच बांधता येईल. एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि थोडी चिकाटी, एवढेच भांडवल पुरे.