रक्ताच्या चिठ्ठीवर टीबीचे औषध नको!

घरात कुणाला दोन आठवडे खोकला हटत नाही. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरत चालले आहे. मग आपण तालुक्याला जातो. रक्त काढले, पैसे मोजले, छापील कागद हाती पडला की वाटते, चला, तपासणी झाली! पण त्या कागदावर आयजीजी, आयजीएम असे लिहून टीबी असल्याचे ठरविले असेल, तर थांबा.

रक्तातली प्रतिपिंडे पाहून टीबी ठरविणाऱ्या या किटवर केंद्र सरकारने ७ जून २०१२ रोजी बंदी घातली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली त्यांची आयात, उत्पादन, विक्री आणि वापर बंद झाला. त्याआधी जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या तपासण्या वापरू नका, असे बजावले होते.

कारण साधे आहे. बांधावर डुकराचे ठसे दिसले म्हणून डुक्कर आज पिकात आहेच असे नाही. प्रतिपिंडे म्हणजे असे ठसे. आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो. त्यामुळे निरोग्याला रोगी ठरविले जाते आणि खरा रोगी निसटतो. एकजण विनाकारण सहा महिने औषध खातो. दुसरा घरातल्या लेकराबाळांना रोग देत फिरतो.

मग करायचे काय? फुप्फुसाच्या टीबीसाठी बेडका तपासा. नुसती लाळ चालत नाही. सकाळी छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे प्रत्यक्ष जंतूचाच माग काढतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे, बॅटरीवरही चालते. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही या तपासण्यांतून कळते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात.

एक लक्षात ठेवा. रक्ताची प्रत्येक तपासणी खोटी नव्हे. टीबी ठरल्यावर साखर आणि एचआयव्ही तपासण्यासाठी रक्त द्यावेच लागते, ते द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही विनंती आहे. हुकूम दिल्लीत निघाला, पण लॅबच्या दारात उभे राहून पाहणारे आपणच आहोत. बंद किट वापरात दिसली तर अहवाल आणि पावती जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्रामसभेत आशाताईंना दहा मिनिटे बोलू द्या. बियाण्याच्या पिशवीवरचा शिक्का आपण उलटून-पालटून पाहतो. माणसाच्या बाबतीत तेवढी तरी चौकशी करायला नको का?