मटकीला मोड येईपर्यंत

1972 च्या दुष्काळात आमच्या सोलापुरातल्या घरी रेशनवरून मिलो आली. अमेरिकेची तांबडी ज्वारी. मालदांडी ज्वारीच्या पिठावर हात बसलेल्या आईला ती काही केल्या वळेना. थापायला घेतली की भाकरी कडेनं चिरायची. मग ती उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढायची, ती मळून मळून थापायची आणि सोबत हुलग्याचं माडगं वाढायची. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमच्या चाळीतल्या बायकांना त्या बातमीचं फार अप्रूप होतं.

वडील गिरणीत होते. पगार झाला की आधी वाणसामान भरायचं, उरले तर बाकीचं. तूरडाळ आठवड्यातून दोनदा. एरवी मटकी, हुलगे, चवळी. मटकी आई रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि गाठोडं चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर डोकावत असायचे. वाटीभर मटकी फुगून दोन-अडीच वाट्या व्हायची आणि त्यात सहा माणसांचं भागायचं. मुळ्याचा पाला पीठ पेरून, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, पुरण घातलं की कटाची आमटी. बाजार उठताना घोळ आणि तांदुळजाच्या जुड्या स्वस्तात मिळायच्या, म्हणून ती मुद्दाम उशिरा जायची. उखळात कुटलेली शेंगांची चटणी मात्र बारा महिने.

ज्वारीत लायसिन कमी, ते कडधान्यात भरपूर. मोड आले की ‘क’ जीवनसत्त्व वाढतं आणि धान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. हे मी फार नंतर वाचलं. आईनं भाकरी-उसळीची जोडी तिच्या आईकडून घेतली होती.

पुढे रेशनवर पामतेल आलं. नव्वदीनंतर तर घरोघरी बिस्किटं आणि नूडल्सची पाकिटं दिसू लागली. मी पुण्यात नोकरी करायचे. संध्याकाळी सातला घरात शिरल्यावर दोन मिनिटांत होणाऱ्या पाकिटाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. तेव्हा बायकांना आळशी ठरवणारे फार भेटले. मला ते आजही पटत नाही. वाण्याच्या बिलात वाचलेले पैसे आई आपल्या तासांनी भरत होती: निवडणं, भिजवणं, दळण आणणं, कुटणं. स्वस्त आणि पौष्टिक स्वयंपाकाचे सल्ले देताना या तासांचा हिशोब कुणी धरत नाही.

2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली तेव्हा मी पुन्हा मटकी-हुलग्यांकडे वळले. त्याआधी 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला होता. भरड धान्यही कायद्यात रुपया किलोनं होतं, पण दुकानात बहुतेक वेळा गहू-तांदूळच. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं, भाव चढत गेला. 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तोवर आमच्या बाजारात चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग होती. जी भाकरी गरिबाच्या ताटात न विचारता यायची, तिच्यासाठी आता विचार करून पैसे काढावे लागतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट त्या काळाबद्दल सांगितलीच पाहिजे. आई शेवटी जेवायची. तोवर उसळीचं पातेलं रिकामं झालेलं असायचं. ती तळाशी राहिलेल्या रश्शात भाकरी कुस्करून, वर चटणी घेऊन उठायची. पंचेचाळिशीत तिला पायऱ्या चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक. आम्हा मुलांना पुरेसं लोह देणाऱ्या त्या स्वयंपाकात तिचा वाटाच नव्हता.

म्हणून मी उसळ झाली की आधी माझी वाटी काढून ठेवते, मग पातेलं बाहेर नेते. आई माझ्याकडे राहायला आली असताना तिच्यादेखत असं पहिल्यांदा केलं, तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं फडताळातून आपली वाटी काढून तिनं माझ्यापुढे धरली.