वाकणारा पडदा आणि चेन्नईची दमट हवा

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय, डीआरडीओ आणि टाटा सन्स यांच्या अर्थसाहाय्याने ॲमोलेड संशोधन केंद्र उभे राहिले आहे. सेंद्रिय रेणूंपासून प्रकाश मिळवणाऱ्या पडद्यांचे तंत्र भारतात रुजावे हा त्यामागचा हेतू असून, अशा पडद्यांना पुढेमागे पर्याय ठरू शकेल म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ज्या पदार्थाकडे पाहत आहेत, तो म्हणजे पेरोव्हस्काइट.

मुळात हे उरल पर्वतात १८३९ साली सापडलेल्या एका खनिजाचे नाव. आज मात्र तशीच स्फटिकरचना असलेल्या सर्वच पदार्थांना ते लावले जाते. प्रकाश देणाऱ्या पेरोव्हस्काइटात बहुधा शिसे आणि एखादे हॅलोजन असते, आणि क्लोरिनच्या जागी ब्रोमिन किंवा आयोडिन आणले की प्रकाश निळ्याकडून हिरव्याकडे व पुढे तांबड्याकडे सरकतो. त्याचे द्रावण पसरून सुमारे १०० अंश सेल्सिअसला तापवले की थर तयार होतो. एवढे तापमान प्लास्टिकला सोसवत असल्याने वाकणाऱ्या पडद्याची कल्पना शक्य कोटीत आली. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सामान्य तापमानाला चालणारा, पेरोव्हस्काइटापासून प्रकाश देणारा डायोड दाखवला, तेव्हा आत सोडलेल्या शंभर इलेक्ट्रॉनांमागे एक प्रकाशकणही बाहेर येत नव्हता. २०१८ पर्यंत ही संख्या वीसच्या पुढे गेली, ही प्रगती खरोखर थक्क करणारी आहे.

वाकवताना मात्र खरी अडचण प्रकाश देणाऱ्या थरापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांची असते. एक दशांश मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक ५ मिलिमीटर त्रिज्येत वळवले, तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे एक टक्का ताणला जातो, आणि नेहमीचे पारदर्शक विद्युतअग्र, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा थर, एवढ्याच ताणाच्या आसपास तडकू लागतो. म्हणून त्याच्या जागी चांदीच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी, ग्राफीन किंवा वीजवाहक बहुवारिक वापरून पाहिले जाते.

त्याहून अवघड प्रश्न ओलाव्याचा आहे. पेरोव्हस्काइट पाण्याच्या वाफेने विघटित होतो, त्यामुळे तो नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांतून हाताळावा लागतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तर ही दक्षता बारमाही आवश्यक ठरते. काच वाफ अडवते, पण प्लास्टिक ती हळूहळू आत येऊ देते, आणि त्यावर चढवलेला संरक्षक थर वारंवार वाकून फाटला की डायोडचे आयुष्य संपते. हे आयुष्य सेंद्रिय डायोडांच्या तुलनेत अजून फारच कमी आहे, त्यातही निळ्या रंगाचे सर्वांत कमी. शिशाऐवजी कथिल वापरावे, तर त्याचे ऑक्सिडीकरण लवकर होते. त्यामुळे बाहेरची वाफ आत येऊ न देणे आणि आतले विषारी शिसे बाहेर पडू न देणे, ही दोन्ही कामे सध्या त्या एकाच पातळ संरक्षक थरावर येऊन पडली आहेत.