"सर, ॲक्च्युअली..."

फ्लुइड मेकॅनिक्सची व्हायव्हा. एक्स्टर्नलनी विचारलं, "व्हेंच्युरीमीटर कशासाठी वापरतात?" मी म्हटलं, "सर, ॲक्च्युअली, फ्लो मोजायला." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग मी काही वेगळं म्हटलं का?" उत्तर बरोबर होतं, तरी मी गडबडलो आणि पुढची दोन उत्तरं चुकली. नडला तो एक शब्द!

हा शब्द 'ॲक्ट' म्हणजे कृती, याच्याच घराण्यातला. अर्थ 'प्रत्यक्षात', 'खरं तर'. पण त्याला एक अट आहे : समोर काहीतरी वेगळा समज असावा लागतो. आपल्याच लॅबमधलं उदाहरण घ्या. धारदार कडेच्या ऑरिफिसमधून थिअरीप्रमाणे जेवढं पाणी यायला हवं, त्याच्या साधारण ०.६२ पटच येतं. म्हणून तिथे 'ॲक्च्युअल डिस्चार्ज' म्हणावं लागतं. थिअरेटिकल आकडाच नसता, तर 'ॲक्च्युअल'ला विचारलं असतं कुणी?

बोलण्यातही तेच. कुणी विचारलं, "पनवेल नवी मुंबई महापालिकेत येतं ना?" तर बेधडक सांगा, "ॲक्च्युअली, नाही! १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेलची स्वतःची महानगरपालिका आहे आणि जिल्हा रायगड." इथे समज चुकीचा होता, तो दुरुस्त झाला. "तो ॲक्च्युअली एम-थ्रीत पास झाला!" हेही चालेल, कारण त्याच्यासकट कुणालाच खात्री नव्हती. "ॲक्च्युअली, आज जमणार नाही" यातही समोरच्याने आपला होकार धरलेला असतो, तो हळूच मोडायचा असतो.

पण इंटरव्ह्यूमध्ये "ॲक्च्युअली, मी पनवेलला राहतो, ॲक्च्युअली, माझा प्रोजेक्ट..." असं सुरू झालं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपली चूक तरी काढतोय, नाहीतर काहीतरी लपवतोय. खरं कारण साधं असतं. आपल्याला विचार करायला दोन सेकंद हवे असतात. मग दोन सेकंद गप्प बसा की!

जर्मन शिकणाऱ्यांनी आणखी जपावं. तिकडे 'आक्टुएल' म्हणजे 'सध्याचं, ताजं', 'खरं' नव्हे.

शेवटी एक सोपी टेस्ट. 'ॲक्च्युअली'च्या जागी 'खरं तर' घालून बघा. "खरं तर, मी पनवेलला राहतो." कुणी तुम्हाला ठाण्याचा समजत असेल तर ठीक, नाहीतर तो शब्द सरळ गाळा. वाक्याचं काही बिघडत नाही, व्हायव्हाचे मार्क मात्र वाचतात!