‘शिकाऊ’ म्हणून उठून जाऊ नका

शेतकरी बंधूंनो, घरातल्या कुणाला घेऊन मोठ्या मनोरुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाण्याची वेळ आली, तर समोर एखादी तरुण मुलगी वही घेऊन बसलेली दिसेल. झोप कधीपासून नाही, जेवण जातं का, डोक्यावर कर्ज किती, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं ती विचारील. मग कळतं, ही अजून शिकतेय! “शिकाऊ पोरीपुढं घरचं गाऱ्हाणं कशाला गायचं?” असं म्हणून माणूस उठतो आणि एस.टी. धरतो. दुखणं तसंच घरी परत येतं.

असं करण्याआधी थोडं समजून घ्या. ही मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झालेली असते. पण पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच हेही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या दिली आहे. पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम आणि त्यात देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं. तरी या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५-२६ पर्यंत प्रवेशाला मुभा दिली. पदवीचं नाव बदलेल, देखरेखीची गरज बदलणार नाही.

देखरेख म्हणजे काय? ती तुमची हकिगत लिहून घेते, चाचण्या करते आणि ते सगळं तिच्या वरिष्ठांपुढं मांडते. वरिष्ठ विचारतात, “हे का विचारलं नाहीस? घरच्यांशी बोललीस का?” चूक तिथंच सापडते. म्हणजे तुमच्या दुखण्यावर एकाऐवजी दोघांची नजर असते. गोळ्या मात्र ती देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं.

तुम्हीही बेधडक विचारा, “ताई, तुमचे वरिष्ठ कोण? ते मला भेटतील का?” सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन कायद्यानं घातलं आहे. शिकाऊ व्यक्ती नकोच असेल, तर तसं स्पष्ट सांगा, पण उपचार सोडू नका.

खरी भीती शिकाऊ मुलीची नाही. कुणाच्याच देखरेखीखाली न शिकता पाटी लावून बसणाऱ्यांची आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल पाहता ना? तसाच नोंदणी क्रमांक विचारा.

सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंनी एवढं करावं : राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत, हे गावाला सांगावं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

पीक गेलं तर पुढच्या हंगामात पेरता येतं, माणूस गेला तर नाही. म्हणून समोरची मुलगी शिकाऊ असली, तरी दोन शब्द बोला. ऐकायचं कसं, हेच तर ती शिकतेय.